जुन्या मोटारगाडीतील द्रवांची निगा

जुन्या मोटारगाडीतील द्रवांची निगा म्हणजे एका किंवा अनेक मालकांच्या हातून गेलेल्या मोटारगाडीतील इंजिन ऑइल, शीतक, ब्रेकचा द्रव, गिअर ऑइल, पॉवर स्टिअरिंगचा द्रव व बॅटरीतील पाणी यांची पातळी, शुद्धता आणि वय तपासणे व ते योग्य वेळी बदलणे होय. नव्या गाडीत हे सर्व द्रव कारखान्यातून भरून येतात, त्यांचा प्रकार व भरल्याची तारीख ठाऊक असते. जुन्या गाडीच्या बाबतीत कोणता द्रव केव्हा भरला, त्यात पुढे काय मिसळले आणि शेवटचा केव्हा बदलला, यांपैकी बहुधा काहीच निश्चित नसते. गाडीचा रंग, टायर व आसने डोळ्यांना दिसतात. द्रव दिसत नाहीत. त्यामुळे खरेदीच्या वेळी त्यांची चौकशी सहसा होत नाही.

सपाट रस्त्यावर व शहरात या दुर्लक्षाची किंमत बहुतेक वेळा पैशात मोजावी लागते. घाटरस्त्यावर ती जिवावर बेतू शकते. म्हणून या लेखात विषयाचे विवेचन करताना पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगरी तालुक्यांतील वापर मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवला आहे.

== संज्ञा ==

मराठी बोलण्यात, विशेषतः गॅरेजमध्ये, गाडीतील जवळजवळ प्रत्येक द्रवाला ‘ऑइल’ म्हणतात : इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ब्रेक ऑइल, स्टिअरिंग ऑइल. हा शब्द सोयीचा असला तरी फसवा आहे. इंजिन व गिअरपेटीतील द्रव हे खऱ्या अर्थाने तेल, म्हणजे वंगण आहे. बैलगाडीच्या आसाला देत असत ते वंगण आणि हे, यांचे कार्य एकच : घासणाऱ्या दोन पृष्ठभागांमध्ये पातळ थर राखून झीज कमी करणे. ‘ब्रेक ऑइल’ मात्र तेल नव्हे. तो ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांचा द्रव असून त्याचे काम वंगणाचे नसून दाब वाहून नेण्याचे आहे. नावातील या सारखेपणामुळे ब्रेकच्या टाकीत पातळी कमी दिसताच हाताशी असलेले इंजिन ऑइल ओतले जाते. खनिज तेलाने ब्रेकमधील रबरी वॉशर व सील फुगतात, मऊ पडतात आणि संपूर्ण यंत्रणा निकामी होते. असे घडल्यास केवळ द्रव बदलून भागत नाही, रबराचे सर्व भाग बदलावे लागतात. या लेखात त्यामुळे ‘ब्रेकचा द्रव’ अशी संज्ञा वापरली आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला ‘शीतक’ म्हटले आहे. व्यवहारात त्याला ‘कूलंट’ म्हणतात.

== जव्हार–मोखाडा परिसर ==

ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या पूर्व भागात जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या उतारांवर वसले आहेत. दोन्ही तालुक्यांत रेल्वे नाही. मनोरकडून विक्रमगडमार्गे येणारा रस्ता समुद्रसपाटीलगतच्या प्रदेशातून जव्हारला सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर येतो आणि पुढे मोखाड्याहून त्र्यंबकेश्वरकडे आणखी चढत जातो. वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी, ठाकूर या समाजांची वस्ती असलेले पाडे मुख्य रस्त्यापासून आत विखुरलेले आहेत. एस.टी. जेथे पोहोचत नाही किंवा दिवसातून एखाद्याच वेळी येते, तेथे जीप व तत्सम गाड्यांवर प्रवाशांची भिस्त असते. जव्हार तालुक्यातील जामसरसारख्या गावातून अत्यवस्थ रुग्णाला जव्हारच्या रुग्णालयात न्यायचे किंवा तेथून पुढे नाशिकला हलवायचे, तर रस्त्याखेरीज मार्ग नाही.

अशा प्रदेशात गाडीवर तीन प्रकारचा ताण एकत्र येतो. चढावर कमी वेग व मोठा भार यांमुळे इंजिन तापते, उतारावर ब्रेक तापतात आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी यंत्रणेत शिरण्याची संधी शोधत असते. उत्पादक कंपनीच्या पुस्तिकेत ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असा वेगळा रकाना असतो व त्यात द्रव बदलण्याचे अंतर कमी दिलेले असते. डोंगराळ भागातील गाडीने तोच रकाना पाहावा.

== ब्रेकचा द्रव ==

सर्व द्रवांमध्ये सर्वाधिक दुर्लक्षित व सर्वाधिक धोक्याचा द्रव हाच होय. इंजिन ऑइल संपले तर इंजिन जाते. ब्रेकचा द्रव बिघडला तर गाडी थांबत नाही.

पायाने दाबलेल्या पेडलचा जोर मास्टर सिलिंडरमधून नळ्यांवाटे चारही चाकांपर्यंत पोहोचतो तो पास्कलच्या नियमानुसार. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो. यासाठी एक अट आहे. द्रव दाबला जाता कामा नये, म्हणजेच त्यात वायूचा बुडबुडा नसावा. ग्लायकॉल ईथरवर आधारित द्रव मात्र हवेतील ओलावा शोषून घेतो. बाटली उघडी राहिली तर तो बाटलीत शोषतो, गाडीत असेल तर टाकीच्या झाकणातून व रबरी नळ्यांतून शोषतो. गाडी चालवली नाही तरी ही क्रिया थांबत नाही. त्यामुळे या द्रवाचे आयुष्य किलोमीटरमध्ये नव्हे, महिन्यांमध्ये मोजतात. ‘गाडी फार चाललेली नाही’ हे विक्रेत्याचे प्रशस्तिपत्र येथे निरुपयोगी ठरते.

पाणी शोषल्याने द्रवाचा उत्कलनांक घसरतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेल्या ‘डॉट’ प्रतवारीनुसार डॉट-३ द्रवाचा उत्कलनांक कोरडा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, तर ३.७ टक्के पाणी शोषल्यावर किमान १४० अंश असावा लागतो. डॉट-४ साठी हेच आकडे २३० व १५५ आणि डॉट-५.१ साठी २६० व १८० आहेत.

या आकड्यांचा घाटाशी असलेला संबंध साध्या गणिताने स्पष्ट होतो. प्रवाशांसह २,००० किलोग्रॅम वजनाची जीप ४०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ७८ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त होते. इतक्या उष्णतेने सुमारे २३ लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत तापेल. हवेचा विरोध, चाकांचे घर्षण व इंजिन यांनी जेवढी ऊर्जा शोषली जात नाही, तेवढी सारी ब्रेकच्या तबकड्यांत व ड्रममध्ये उष्णतेच्या रूपाने उतरते आणि तेथून द्रवापर्यंत पोहोचते. जुना, ओलावा धरलेला द्रव उकळला की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते. पेडल तळाला जाते आणि चाकापर्यंत जोर पोहोचत नाही.

या दोषाचे एक वैशिष्ट्य त्याला विशेष घातक बनवते. गाडी थांबून थंडावली की वाफ पुन्हा द्रवात विरते, ब्रेक पूर्ववत लागतो व तपासणीत काहीच सापडत नाही. ‘ब्रेक एकदा गेला होता, पण नंतर ठीक झाला’ असे चालक सांगत असेल तर द्रव त्वरित बदलण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

सर्वसाधारणपणे हा द्रव दर दोन वर्षांनी बदलावा. जुनी गाडी घेतल्यावर मागील नोंद नसेल तर पहिल्याच आठवड्यात तो पूर्ण बदलून घ्यावा व चारही चाकांतून हवा काढून घ्यावी. नव्या द्रवाचा रंग फिकट पिवळसर असतो, जुना तपकिरी ते काळपट होतो. मात्र स्वच्छ दिसणाऱ्या द्रवातही पाणी असू शकते. ओलावा मोजणारे पेनाच्या आकाराचे साधे उपकरण अनेक गॅरेजमध्ये असते. अर्धवट वापरून ठेवलेल्या, महिनोन्‌महिने उघडझाप झालेल्या डब्यातील द्रव भरू देऊ नये. डॉट-३ सांगितलेल्या गाडीत डॉट-४ सामान्यतः चालतो, पण सिलिकोनपासून बनवलेला डॉट-५ हा यांपैकी कोणातही मिसळता येत नाही. क्रमांकाच्या जवळिकीमुळे डॉट-५ आणि डॉट-५.१ यांत गोंधळ होतो, तो टाळावा.

टाकीतील पातळी हळूहळू खाली जाणे हे दर वेळी गळतीचे लक्षण नसते. ब्रेक पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात व द्रव त्यांच्या मागची जागा भरतो. अशा वेळी नुसता द्रव वाढवल्यास पॅडची झीज झाकली जाते, म्हणून आधी पॅड पाहावेत. पातळी झपाट्याने खाली गेली किंवा चाकाच्या आतील बाजूस ओल दिसली तर गाडी चालवू नये. अनेक गाड्यांत क्लचही याच द्रवावर चालतो.

इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलला सोडण्याची, क्वचित इंजिनच बंद करण्याची सवय काही चालकांमध्ये आढळते. या बचतीत काही अर्थ नाही. गिअरमध्ये उतरताना इंजिन स्वतःच वेग रोखते व त्या काळात आधुनिक इंजिनात इंधन जवळजवळ जात नाही. उलट न्यूट्रलमध्ये सारा भार ब्रेकवर पडतो. इंजिन बंद केल्यास ब्रेकला मिळणारे निर्वाताचे साहाय्य दोन-तीन वेळा पेडल दाबताच संपते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही योग्य आहे. पेडल तळाला गेल्यास ते पटापट पुन्हा पुन्हा दाबावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. बहुतेक जुन्या गाड्यांत हँडब्रेक तारेवर चालत असल्याने द्रव उकळल्याचा त्याच्यावर परिणाम होत नाही.

== शीतक ==

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णतेच्या रूपाने शीतकामार्फत रेडिएटरमध्ये नेला जातो. शीतक म्हणजे पाणी, एथिलीन ग्लायकॉल व गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण नेहमीच्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणातील झडप यंत्रणेत दाब राखते, त्यामुळे प्रत्यक्षात हा बिंदू १२५ अंशांच्या वर जातो. म्हणजे झाकणाचे रबर कडक होऊन दाब टिकेनासा झाला तर चांगले शीतकही लवकर उकळते. झाकण ही स्वस्त वस्तू आहे, आणि गाडी गरम होण्याचे कारण अनेकदा तेथेच सापडते. उंचीमुळेही थोडा फरक पडतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनांक सुमारे एक अंशाने उतरतो, त्यामुळे जव्हारला उघड्या भांड्यातील पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळते.

मैदानी भागात ‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला’ असा प्रश्न विचारला जातो. कूलंटला ‘अँटिफ्रीझ’ हे दुसरे नाव असल्याने हा समज पसरला आहे. महाराष्ट्रात त्याचा खरा उपयोग उत्कलनांक वाढवणे व गंज रोखणे हा आहे. ओढ्याचे, विहिरीचे किंवा नळाचे पाणी वर्षानुवर्षे भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षारांचा थर व गंजाचा गाळ साचतो. बारीक नळ्या बंद होतात, पाण्याच्या पंपाचे पाते झिजते आणि चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागतो. झाकण उघडल्यावर द्रव विटकरी रंगाचा दिसला तर साधे पाणी वापरले गेले आहे असे समजावे. अशी यंत्रणा आधी धुऊन मग क्षारविरहित पाण्यात मिसळलेले शीतक भरावे.

शीतकाचा रंग हा त्याच्या प्रकाराचा भरवशाचा पुरावा नव्हे, कारण हिरवा, गुलाबी, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या पसंतीने देते. जुन्या पद्धतीची सिलिकेटयुक्त शीतके साधारण दोन वर्षांनी, तर सेंद्रिय आम्लांवर आधारित शीतके पाच वर्षांपर्यंत बदलावी लागतात. दोन्ही एकत्र केल्यास गंजरोधक गुण घटतो.

गाडी गरम झाल्यास ती बाजूला घेऊन वातानुकूलन बंद करावे व इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये, कारण दाबाखालील द्रव उसळून चेहरा व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अतिशय विषारी असते. प्रौढ माणसाला सुमारे १०० मिलिलिटर मात्राही प्राणघातक ठरू शकते, लहान मुलांना याहून कमी. थंड पेयाच्या बाटलीत शीतक भरून घरात ठेवणे म्हणूनच धोक्याचे आहे. जमिनीवर सांडलेले शीतक कुत्री व गुरे चाटतात. कोणी प्याल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि डबा बरोबर न्यावा. यावर उतारा उपलब्ध आहे, पण तो वेळेत द्यावा लागतो.

== इंजिन ऑइल ==

या द्रवाविषयी बहुतेक मालक जागरूक असतात, त्यामुळे येथे थोडक्यात पाहू. पातळी सपाट जागेवर, इंजिन बंद करून काही मिनिटांनी, पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहतात. ती दोन खुणांच्या मध्ये असावी. खालच्या खुणेजवळ ऑइल असलेली गाडी सपाटीवर ठीक चालते, पण तीव्र चढावर ऑइल एका बाजूला सरकून पंपाच्या तोंडाशी हवा येऊ शकते. त्यामुळे घाटापूर्वी पातळी वरच्या खुणेजवळ असणे इष्ट आहे. खुणेच्या वर भरणेही चुकीचे आहे, कारण फिरणाऱ्या क्रँकने ऑइल घुसळून फेस होतो.

डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ सारख्या अंकांतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे असून पहिला अंक थंडीतील व दुसरा तापलेल्या अवस्थेतील प्रवाहीपणा दर्शवतो. जुने इंजिन ऑइल पिते म्हणून अधिकाधिक जाड ऑइल घालत जाणे हा उपाय नसून आजार लांबवणे होय. १ एप्रिल २०२०पासून लागू झालेल्या बी.एस.-६ मानकाच्या डिझेल गाड्यांना धुराच्या गाळणीला न चोंदवणारे, कमी राख देणारे ऑइल लागते. त्यात जुन्या जीपसाठीचे ऑइल घालू नये.

डिझेल इंजिनातील ऑइल काजळीमुळे बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळे पडते, हा दोष नव्हे. पट्टीवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ, चहासारखा थर दिसला तर मात्र ऑइलमध्ये शीतक मिसळत असण्याची, अर्थात हेड गॅस्केट गेल्याची शंका घ्यावी. फार कमी अंतर चालणाऱ्या गाडीत पावसाळ्यात झाकणाखाली थोडा ओलावा जमतो. तो थर पट्टीवर नसतो. खरेदीपूर्वी केवळ हे दोन भाग पाहिले तरी पुष्कळ कळते.

उखडलेल्या रस्त्यावर दगड लागून इंजिनाखालचे ऑइलचे चेंबर फुटण्याचे प्रकार घडतात. ऑइलचा लाल दिवा लागताच, गाव चार किलोमीटरवर असले तरी, इंजिन तेथेच बंद करावे. तो दिवा पातळीचा नसून दाबाचा आहे. तो लागल्यावर इंजिनाकडे फार थोडा वेळ उरलेला असतो.

== गिअरपेटी, डिफरन्शियल व पावसाळा ==

गिअरपेटी व मागील आसावरील डिफरन्शियल यांतील ऑइल वर्षानुवर्षे बदलले जात नाही, कारण ते जळत नाही व पट्टी काढून पाहताही येत नाही. जव्हार–मोखाड्यासारख्या भागात त्याला पावसाळा निराळे कारण पुरवतो. ओढ्यांवरील कमी उंचीच्या फरश्यांवरून पाणी वाहत असताना गाड्या नेल्या जातात. तापलेले डिफरन्शियल एकाएकी थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकुंचन पावते आणि श्वासनळीतून किंवा जीर्ण सीलमधून पाणी आत ओढले जाते. ऑइल राखाडी, दुधाळ होते व बेअरिंग गंजतात. चाकाच्या मध्याहून वर पाणी लागलेल्या गाडीचे हे ऑइल लगेच तपासून घ्यावे.

गिअर ऑइलच्या ‘जीएल-४’ व ‘जीएल-५’ या प्रती परस्परांऐवजी वापरता येत नाहीत. जीएल-५मधील गंधक व फॉस्फरसयुक्त घटक डिफरन्शियलच्या दातांना आवश्यक असतात, पण काही गिअरपेट्यांतील पितळी कड्यांना ते मारक ठरतात. डिझेल गाडीच्या इंधन गाळणीखाली पाणी साचण्याची वाटी असते. पावसाळ्यात तिची चावी सैल करून पाणी काढून टाकणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

== इतर द्रव ==

पॉवर स्टिअरिंगचा द्रव कमी झाल्यास चाक पूर्ण वळवताना कण्हल्यासारखा आवाज येतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत स्टिअरिंग विजेवर चालते व त्यात द्रव नसतो. बॅटरीत केवळ डिस्टिल्ड पाणी घालावे, आम्ल कधीही वाढवू नये. काही बी.एस.-६ डिझेल गाड्यांत ३२.५ टक्के युरिया असलेला स्वतंत्र द्रव लागतो. तो चुकून डिझेलच्या टाकीत ओतला गेल्यास इंधन यंत्रणेचे मोठे नुकसान होते. काच धुण्याच्या पाण्याची टाकी क्षुल्लक वाटते, परंतु समोरच्या ट्रकने उडवलेला लाल चिखल काचेवर बसला की तिचे महत्त्व कळते.

== गळतीची ओळख ==

रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरून ठेवल्यास सकाळी डागांवरून बरेच निदान होते. पुढच्या भागातील तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा, गोडसर वासाचा रंगीत डाग शीतकाचा, तांबूस डाग बहुधा स्टिअरिंग किंवा स्वयंचलित गिअरपेटीचा, उग्र वासाचा जाड डाग गिअर ऑइलचा असतो. चाकाजवळचा पातळ, फिकट व बोटांना निसरडा लागणारा डाग ब्रेकचा समजावा. वातानुकूलन वापरल्यानंतर पडलेले स्वच्छ पाणी निरुपद्रवी असते.

खरेदीनंतर सर्व द्रव एकदाच बदलून तारीख, किलोमीटर व द्रवाचा प्रकार वहीत लिहून ठेवणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असू शकतो; स्वतः लिहिलेली तारीख तशी बदलत नाही. एकदम खर्च शक्य नसेल तर ब्रेकचा द्रव प्रथम, शीतक नंतर व इंजिन ऑइल त्यानंतर असा क्रम डोंगराळ भागात ठेवावा. गॅरेजमध्ये साधारणपणे नेमका उलटा क्रम सुचवला जातो.

== वापरलेल्या द्रवांची विल्हेवाट ==

काढलेले काळे ऑइल वाळवी लागू नये म्हणून कुंपणाच्या खांबांना, दारांच्या चौकटींना व घराच्या वाशांना लावण्याची प्रथा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वत्र आढळते. वापरलेल्या ऑइलमध्ये धातूंचे कण व कर्करोगास कारणीभूत ठरू शकणारी हायड्रोकार्बन संयुगे असतात. ते राहत्या घराच्या लाकडाला लावणे किंवा उघड्या हातांनी हाताळणे अपायकारक आहे.

घातक व इतर कचरा (व्यवस्थापन व सीमापार वाहतूक) नियम, २०१६ नुसार वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४पासून ऑइल बनवणाऱ्या व आयात करणाऱ्या कंपन्यांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकण्यात आली आहे. जव्हार–मोखाडा परिसरात या नियमाला एक भौगोलिक संदर्भ आहे. येथील पावसाचे पुष्कळसे पाणी पिंजाळ व अन्य प्रवाहांतून वैतरणेच्या खोऱ्यात जाते आणि मुंबईला पाणी पुरवणारी मध्य वैतरणा व मोडकसागर ही धरणे वैतरणेवरच आहेत. घरी द्रव बदलणाऱ्याने ऑइल झाकणाच्या डब्यात साठवून जेथे मोठे पिंप ठेवलेले असते अशा गॅरेजमध्ये द्यावे. शीतक व ब्रेकचा द्रव त्या ऑइलमध्ये मिसळू नये, कारण मिसळलेल्या ऑइलवर पुनर्प्रक्रिया करणे कठीण होते.